तारीख पुढे गेली

सहाव्या दिवशी आतला टाका सुटला.
नळाच्या जोडाबद्दल बोलावं तशा डॉक्टर बोलल्या:
"गळतोय, ओतिया. पुन्हा उघडावं लागेल."
मी मान डोलावली.
तापात माणूस कशालाही मान डोलावतो.

जाग आली तेव्हा पोटावर पिशवी होती,
आणि पिशवीत डोकावणारं, ओलं, लालभडक,
अक्रोडाएवढं
माझंच आतडं.
त्सियालाने त्याचं नाव ठेवलं भाडेकरू.
"वसंतात जागा खाली करेल," डॉक्टर म्हणाल्या.

वसंतात ताप आला.
मग म्हणाल्या, द्राक्षं उतरू द्या.
द्राक्षं उतरली, आणि स्कॅनवर निघाला
पुवाचा एक ढग, पावशेराचा.
परवा पुन्हा गेलो, कुताइसीला, छोट्या गाडीतून,
दोन्ही हात पोटावर, प्रत्येक खड्डा मोजत.
पंचवीस मिनिटं कागद चाळून म्हणाल्या,
नाताळानंतर बघू.

नाताळानंतर.
जाताना मी नवा सदरा घातला होता.
का कोण जाणे.

एकतीस वर्षं मी तोनेत वाकलो.
मातीची विहीर ती, तळाशी वेलीच्या काटक्यांचे निखारे.
मिठाचं पाणी शिंपडायचं, कमरेपर्यंत आत जायचं,
भिंतीवर शोती थापायची, होडीसारखी लांब,
आणि भुवया जळायच्या आत वर यायचं.
मला भुवया नाहीत, हे गावात कुणाला आता दिसतही नाही.
पण आता वाकायचं नाही.
पाच किलोच्या वर उचलायचं नाही.
पिठाचं पोतं पन्नासाचं असतं,
ते मला दारातून बघत असतं, मी त्याला.

आमच्याकडे भेटल्यावर म्हणतात "गामर्जोबा".
म्हणजे विजय असो.
कुंपणापलीकडून बिचिको रोज सकाळी म्हणतो,
आणि मी, एका हाताने पिशवी दाबून धरत,
तुझाही विजय असो, म्हणतो.
भाडेकरू नेमका तेव्हाच बोलतो.
बिचिको आभाळाकडे बघतो. भला माणूस आहे.

काल रात्री तीन वाजता पिशवी सुटली.
चादर, गादी, त्सियालाची बाही, सगळं.
ती काही बोलली नाही, पाणी तापवायला गेली,
आणि मी तिच्यावर ओरडलो.
पाणी फार तापवतेस म्हणून ओरडलो.
दिवा लाव म्हणून ओरडलो, मग विझव म्हणून.
माझ्या बापाचं नाव घेऊन ओरडलो.
तिने बाही पिळली.
"ओरड," म्हणाली. "मागच्या महिन्यात
तुला एवढा आवाज नव्हता."

सकाळी खातुना भट्टी पेटवते.
बातुमीची नोकरी सोडून आलीय पोरगी,
तिचे हात अजून की-बोर्डचे.
मी स्टुलावर बसून हुकूम सोडतो:
भिंत गार असेल तर पीठ धरत नाही,
फार तापली तरीही धरत नाही.
थांब. अजून थांब. आता.
ती वाकते, थापते, वर येते,
गाल लाल, केसांना जळका वास,
आणि आतून येतो तो आवाज,
धप्प.

हा आवाज मला झोपेतही कळतो.
सुटली. पडली निखाऱ्यात.
खातुना माझ्याकडे बघत नाही.
लोखंडी आकडा घेते, खाली सोडते,
दोनदा चुकते, तिसऱ्यांदा काढते वर:
एका बाजूने कोळसा, एका बाजूने कच्ची.
"कुत्र्याला टाकते," म्हणते.

"आण इकडे."

राख झटकली. काळं खरवडलं.
डॉक्टरांनी सांगितलंय, नीट चावून खा,
म्हणून चावत बसलो, म्हाताऱ्या बैलासारखा, वेळ काढत.
ती उभीच होती. हात पिठात माखलेले,
दुसरा गोळा अजून उचललेला नाही.

"मीठ बरोबर आहे," मी म्हणालो.